ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला का ओढते?



पावसाळा संपला की आपल्या उचगावात आणि आसपासच्या तुरमुरी, सुळगा, हिंडलगा भागात दरवर्षी एक दृश्य दिसते. मुले नोकरीला पुण्याला किंवा बेंगळुरूला, घरी आई-वडील दोघेच आणि शेडमध्ये झाकून ठेवलेली एक गाडी. जून ते सप्टेंबर ही गाडी फारशी बाहेर निघत नाही. दसऱ्या-दिवाळीला मुले येतात, किल्ली फिरवतात. बॅटरी उतरलेली असते, ती चार्ज करून आणली जाते, चाकांत हवा भरली जाते, काच पुसली जाते आणि गाडी थेट आंबोलीला, गोव्याला किंवा कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघते. वाटेत कुणी तरी आडवे येते, पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबला जातो आणि तेव्हा कळते की गाडी सरळ थांबत नाही. स्टिअरिंग हातातून निसटल्यासारखे एका बाजूला फिरते.

ही तक्रार गेल्या काही महिन्यांत तीन-चार सभासदांनी माझ्यापाशी केली. मी मेकॅनिक नाही. आयुष्य बँकेत गेले, पण निवृत्तीनंतर गाडीची चाके स्वतः काढून आत काय चालले आहे ते बघण्याची सवय लागली आणि चांगल्या मिस्त्रींच्या शेजारी उभे राहून बरेच शिकायला मिळाले. तेच इथे सांगतो. ब्रेकचे काम घरी करा, असे मी कुणालाही सुचवत नाही. दोष कुठे आहे हे आपल्याला साधारण ओळखता आले, तर गॅरेजमध्ये नको ती कामे होत नाहीत आणि हवे ते काम राहून जात नाही, एवढाच हेतू.

हा त्रास किरकोळ का समजू नये, ते आधी बघू. आपला बेळगाव-वेंगुर्ला रस्ता घ्या. दुपदरी रस्त्यावर एका बाजूच्या वाहनांना साधारण साडेतीन मीटर रुंदी मिळते. छोट्या गाडीची रुंदी दीड ते पावणेदोन मीटर. म्हणजे गाडी अगदी मधोमध चालवली, तरी दोन्ही अंगांना मीटरभरसुद्धा जागा धड उरत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदाला साडेसोळा मीटर पुढे जाते. ब्रेक दाबल्यावर ती उजवीकडे ओढली, तर समोरून उसाची ट्रॉली किंवा एस.टी. येत असते. डावीकडे ओढली, तर खचलेली साइडपट्टी आणि तिच्यावरून चालणारी शाळेची मुले. आणि ब्रेक जोरात दाबावा लागतो तो नेमका अशाच वेळी.

पहिला प्रश्न: फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढते का?

या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय गॅरेजचा रस्ता धरू नये. सकाळी लवकर, वर्दळ नसताना, बेकिनकेरेकडे जाणाऱ्या रस्त्यासारख्या सरळ रस्त्यावर गाडी ताशी ३०-४० किलोमीटर वेगाने न्यावी. स्टिअरिंग दोन्ही हातांत सैल धरावे, पूर्ण सोडू नये. आधी ब्रेक न दाबता गाडी सरळ जाते का ते पाहावे, मग हळूच ब्रेक दाबून पाहावे. नंतर त्याच तुकड्यावर उलट दिशेने येऊन हेच पुन्हा करावे.

उलट दिशेने का? पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे निर्दोष गाडीसुद्धा किंचित डावीकडे सरकते. काही जुन्या रस्त्यांचा उतार मात्र एकाच बाजूला झालेला असतो. अशा ठिकाणी जाताना गाडी डावीकडे ओढते आणि येताना उजवीकडे. असे झाले तर दोष रस्त्याचा, गाडीचा नाही. दोन्ही वेळा एकाच बाजूला ओढत असेल, तरच पुढे जाण्यात अर्थ आहे.

ब्रेक न दाबताही गाडी सतत एका बाजूला जात असेल, तर आधी चाकांतील हवा बघावी. एका पुढच्या चाकात हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला झुकते आणि ब्रेक दाबल्यावर वजन पुढे येते तेव्हा ते जास्तच जाणवते. गाडी महिनाभर उभी असेल तर हे हमखास घडते. हवा गाडी थंड असताना तपासावी आणि ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे भरावी. पंक्चरवाला अंदाजाने भरतो तेवढी नव्हे. हवा सारखी करूनही फरक पडला नाही, तर पुढच्या डाव्या-उजव्या चाकांची अदलाबदल करून बघावी (बाणाचे चिन्ह असलेले एकाच दिशेने फिरणारे टायर सोडून). ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरमध्ये. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत टायर असेल, तर बाकी काही बघायच्या आधी टायरची जोडी सारखी करावी.

टायर ठीक असूनही सतत ओढत असेल, तर अलाइनमेंट. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अलाइनमेंटचा दोष गाडी चालताना सतत जाणवतो. गाडी एरवी बाणासारखी सरळ जाते आणि फक्त ब्रेक दाबल्यावर ओढते, तर अलाइनमेंटवर पैसे घालण्यात सहसा काही हशील नाही. तरीही आपल्याकडे 'गाडी ओढते' म्हटले की पहिला सल्ला अलाइनमेंट-बॅलन्सिंगचाच मिळतो. यंत्र बसवलेले असते, ते चालवावे लागते, हे समजू शकते. पण बॅलन्सिंगचा संबंध चाकाच्या थरथरीशी आहे, ओढण्याशी मुळीच नाही.

तेलाचा दाब सारखा, मग फरक येतो कुठून?

आता खरा विषय. आपण पेडल दाबतो, तेव्हा मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑईल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकलले जाते. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत सगळ्यांनीच पाठ केला आहे. पुढच्या डाव्या चाकाला जेवढा दाब मिळतो, तेवढाच उजव्याला. मग एक चाक जास्त आणि एक कमी का थांबते? याचाच अर्थ तेल चाकापर्यंत नीट पोहोचत नाही, किंवा पोहोचलेल्या दाबाचे पकडीत रूपांतर होत नाही, किंवा पकड होते पण पॅड आणि डिस्क यांच्यात घर्षणच सारखे नाही, किंवा ब्रेक दोन्हीकडे सारखाच लागतो पण चाक आपल्या जागी ठाम राहत नाही. ब्रेकची जवळजवळ सगळी कारणे या चार खणांत बसतात.

किती फरकाने किती ओढ बसते, याचा साधा हिशेब करून पाहू. माणसांसह गाडीचे वजन १,००० किलो धरा. बऱ्यापैकी ब्रेक दाबला, तर गाडी थांबवण्यासाठी सुमारे ३०० किलो वजनाइतका जोर लागतो. ब्रेक लावताना भार पुढे येतो, म्हणून यातला ७० टक्के जोर पुढची दोन चाके लावतात असे समजू, म्हणजे २१० किलो. प्रत्येकाचा वाटा १०५. आता डावे चाक निम्मेच काम करते असे धरा. डावीकडे साडेबावन्न, उजवीकडे १०५. फरक साडेबावन्न किलोचा. पुढची दोन चाके एकमेकांपासून सुमारे १.४ मीटर दूर, म्हणजे गाडीच्या मध्यापासून प्रत्येक चाक ०.७ मीटरवर. साडेबावन्न गुणिले ०.७ म्हणजे जवळपास ३७. मीटरभर लांबीच्या पहारीच्या टोकाला ३७ किलोचे पोते टांगले, तर पहारीला जो पीळ बसेल, तेवढ्या पिळाने गाडी उजवीकडे फिरू पाहते. आणि हा झाला बेताचा ब्रेक. घाबरून दाबला, तर हा आकडा दुप्पट होतो.

ब्रिटनमध्ये गाड्यांची जी वार्षिक तपासणी असते, तिला एमओटी म्हणतात. तिच्यात पुढच्या एका चाकाचा ब्रेक दुसऱ्याच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी जोराचा निघाला, तर गाडी नापास होते. निम्म्यापेक्षा कमी निघाला, तर गाडी धोकादायक ठरवली जाते. आपल्या मंडळातल्या ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांना हे माहीत असेल.

वरच्या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघते आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. गाडी उजवीकडे ओढली. म्हणून आपण उजव्या चाकात दोष शोधतो. पण उजवे चाक तर आपले काम चोख करत होते, कामचुकार होते ते डावे. हिंडलग्याकडच्या एका मिस्त्रीने हे मला एका वाक्यात सांगितले होते, "सर, गाडी उजवीकडं ओढूलीया म्हणजे डावा ब्रेक धरंना झालाय बघा." बँकेतल्या जुन्या मंडळींना हे लगेच पटेल. ताळा जमला नाही आणि जमेची बाजू जास्त दिसली, म्हणजे चूक जमेलाच असते असे नाही. पुष्कळदा नावे बाजूची नोंदच राहून गेलेली असते.

अर्थात उलटेही घडते. उजवा ब्रेक सुटतच नाही, सतत घासत राहतो आणि त्यामुळे गाडी उजवीकडे जाते. या दोन्हींतला फरक ओळखण्याची सोपी खूण म्हणजे उष्णता. आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून, मधून मधून नेहमीसारखे ब्रेक लावून थांबावे आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्यावी. टेकवू नये. डिस्क तर चुकूनही हाताळू नये, कातडी निघते. दोन्ही पुढच्या चाकांची धग साधारण सारखी असायला हवी. एक चाक जवळपास थंड आणि दुसरे नेहमीइतके गरम असेल, तर थंड चाकाचा ब्रेक काम करत नाही. एक नेहमीसारखे आणि दुसरे भट्टीसारखे तापलेले, जळका वास, गाडी ढकलताना जड, पेट्रोल जास्त लागते, असे असेल तर तापलेल्या चाकाचा ब्रेक धरून बसला आहे. लांबून तापमान दाखवणारी बंदूक मिळाली तर आणखी चांगले. मात्र कोरोनाच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक इथे चालणार नाही. ती माणसाच्या तापापुरतीच मोजते. कारखान्यात वापरतात ती हवी.

कॅलिपरच्या पिना: आपल्याकडचे सर्वात मोठे कारण

आपल्याकडे दिसणाऱ्या छोट्या आणि मध्यम गाड्यांना बहुधा पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. पुढच्या डिस्कवर जो कॅलिपर बसवलेला असतो, त्याला बहुतेक गाड्यांत एकाच बाजूला पिस्टन असतो. दाब आला की पिस्टन आतल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो. मग बाहेरचा पॅड कोण दाबतो? पिस्टन आतून रेटत असताना कॅलिपरचे संपूर्ण धूड उलट दिशेला सरकते आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणते. लाकडी शिकंजात एकच जबडा फिरवला तरी वस्तू दोन्हीकडून आवळली जाते, तसेच. कॅलिपरचे हे सरकणे दोन गुळगुळीत पिनांवर होते. पिनांना ग्रीस असते आणि वर रबरी टोपी.

ही टोपी फाटली की पाणी आत जाते. आपल्या भागातला पाऊस, शेताच्या वाटेवरचा लाल चिखल आणि मार्कंडेय नदीला पूर आला की रस्त्यावर येणारे पाणी, यातून टोपीच्या भेगेतून आत गेलेला ओलावा बाहेर पडत नाही. गाडी रोज चालत असती, तर पिना रोज हलल्या असत्या. चार महिने उभ्या गाडीत पिन जागच्या जागी गंजते. मग ब्रेक दाबला की आतला पॅड दाबला जातो, कॅलिपर मात्र सरकत नाही, बाहेरचा पॅड नुसता बघत राहतो. त्या चाकाची पकड कमी होते आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. कधी पिन सरकते पण परत येत नाही, मग तोच ब्रेक घासत राहतो.

हा दोष चाक काढले की डोळ्यांना दिसतो. एकाच चाकातला आतला पॅड झिजून पातळ आणि बाहेरचा जवळपास नवा, किंवा उलट, असे दिसले की पिना अडकल्याचे समजावे. उपाय महागडा नाही. पिना काढून, साफ करून, फार खड्डे पडले असतील तर बदलून, नवी टोपी आणि ब्रेकसाठीच बनवलेले ग्रीस लावायचे. इथे आग्रह धरावा. बेअरिंगला लावतात ते साधे ग्रीस या टोप्यांचे रबर फुगवते आणि वर्षभरात पिन पुन्हा जाम होते. सर्व्हिसिंगच्या पावतीवर 'ब्रेक साफ केले' असे लिहिलेले असते, पण ती सफाई पुष्कळदा वरून हवा मारण्यापुरतीच असते. "पिना बाहेर काढल्या का?" एवढे एकच वाक्य विचारून बघावे.

पिना मोकळ्या असूनही ब्रेक लागत नसेल किंवा सुटत नसेल, तर पिस्टनच अडकलेला असू शकतो. याचे मूळ ब्रेक ऑईलमध्ये आहे. हे तेल हवेतला ओलावा शोषते. वर्षानुवर्षे बदलले नाही, तर त्यातल्या पाण्याने पिस्टन आणि सिलिंडर आतून गंजतात. डॉट ३ प्रकारचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, ओलावा शोषल्यावर हाच आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. आंबोलीचा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर जुने तेल उकळून पेडल मऊ पडते, तो वेगळाच धोका. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांनी, तेल बदलावे. गाडी कमी चालली म्हणून ही मुदत वाढत नाही, कारण ओलावा किलोमीटर मोजत नाही. आणि ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल चुकूनही घालू नये. सगळी रबरे फुगून जातात.

नळी, तेलकट पॅड आणि बाकीचे

चाकाजवळ लोखंडी नळी संपते आणि रबरी होज सुरू होतो. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून सुटलेला रबराचा पापुद्रा वाट अडवतो. मग चाकाला दाब उशिरा पोहोचतो. ब्रेक दाबल्याबरोबर गाडी एका बाजूला ओढते आणि थोड्या वेळाने सरळ होते, ही त्याची खूण. कधी हाच पापुद्रा झडपेसारखा वागतो, तेल आत जाते पण परत येत नाही, आणि चाक धरलेलेच राहते. मिस्त्री यासाठी एक छान परीक्षा करतात. गाडी जॅकवर घेऊन ब्रेक दाबून सोडायचा. चाक हाताने फिरत नसेल, तर कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल किंचित सैल करायचा. तेल उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकून पडला होता, म्हणजे बहुधा होज. निपल सोडूनही चाक जामच राहिले, तर दोष पिस्टनमध्ये किंवा पिनांत. दोन मिनिटांच्या या परीक्षेने नवा कॅलिपर घेण्याचा खर्च वाचू शकतो, पण ती करून घ्यावी गॅरेजमध्येच, कारण नंतर हवा काढावी लागते.

पॅडवर तेल किंवा ग्रीस लागले, तर घर्षण जाते. ॲक्सलचे रबरी बूट फाटून ग्रीस उडते, किंवा कॅलिपरमधून ब्रेक ऑईल पाझरते. तेल प्यालेला पॅड पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपरने घासून परत बसवण्याची पद्धत मला मान्य नाही. तो पॅड गरम झाला की आतले तेल पुन्हा वर येते. पॅड बदलायचे, तेही डावे-उजवे दोन्ही, एकाच कंपनीचे. एकाच बाजूचे बदलून काटकसर केली, तर गाडी ओढण्याची व्यवस्था आपणच पैसे देऊन केली असे होते. आणि गळती जिथून आहे ती आधी बंद करायची, नाहीतर नवे पॅडही जातात. नवे पॅड बसवल्यावर पहिले शे-दोनशे किलोमीटर ते डिस्कशी जुळत असतात. तेवढ्यात थोडी ओढ जाणवली तर घाबरू नये, पण ती दिवसेंदिवस कमी व्हायला हवी.

पावसात डबक्यातून एका बाजूची चाके गेली, तरी पहिल्या ब्रेकला गाडी ओढते. पाण्यातून बाहेर आल्यावर मागे-पुढे बघून एक-दोनदा हलका ब्रेक लावत गाडी न्यावी, ब्रेक सुकतात. हा दोष नव्हे. मागच्या ड्रममध्ये पाणी जास्त वेळ राहते. मागचा व्हील सिलिंडर गळत असेल तर शूज तेलकट होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी फिरू पाहते, तेही तपासून घ्यावे.

जुन्या सभासदांना पद्मिनी आणि अँबेसेडर आठवत असतील. त्या गाड्यांना वर्षानुवर्षे चारही चाकांना ड्रम होते. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रममुळे आपोआप आणखी आत ओढला जातो. त्याने ब्रेक हलका लागतो हा फायदा, पण दोन चाकांतला थोडासा फरकही त्यामुळे वाढून समोर येतो. म्हणून त्या काळी ब्रेक ओढणे ही रोजची तक्रार होती आणि मिस्त्री ड्रमच्या मागून ॲडजस्टर फिरवून दोन्ही बाजू सारख्या करून देत. १९५३ साली फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाली जॅग्वार जिंकली, त्यानंतर डिस्कचा बोलबाला झाला. डिस्कमध्ये हे आपोआप ओढले जाणे नाही, त्यामुळे दोन्ही बाजू बऱ्याच सारख्या राहतात. सांगायचा मुद्दा असा, की पुढच्या डिस्कला बाहेरून फिरवायचा ॲडजस्टरच नसतो. आजच्या गाडीबद्दल कुणी "पुढचा ब्रेक ॲडजस्ट करून देतो" म्हणाले, तर नक्की काय करणार ते विचारावे.

ब्रेक ठीक, तरीही ओढते

आता चौथा खण. दोन्ही पुढच्या चाकांची धग सारखी, पॅड सारखे झिजलेले, तेल नवे, आणि तरीही ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला जाते. अशा वेळी लोअर आर्मचे बुश बघावेत. चाकाला गाडीशी जोडणारा हा खालचा हात रबरी बुशवर टेकलेला असतो. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि गतिरोधक खाऊन ते रबर फाटते. एरवी चाक जागेवर असते, पण ब्रेक लागला की चाक मागे ढकलले जाते, फाटक्या बुशमुळे ते खरोखरच थोडे मागे जाते आणि त्याचे तोंड फिरते. ड्रायव्हरने स्टिअरिंग न फिरवताच चाकाने वळण घेतलेले असते. खूण अशी, की ब्रेक दाबताना आणि सोडताना खालून 'खट्' असा आवाज येतो आणि ब्रेक सोडला की गाडी थोडी उलट बाजूला उसळते. टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट ढिले झाले तरी असेच काहीसे होते. हे भाग बदलल्यावर मात्र अलाइनमेंट करावीच लागते, आणि ती त्यानंतरच करायची. ढिल्या बुशवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात जाते.

एक प्रसंग असा आहे, की ज्यात गाडी पुढे चालवायचीच नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या वाटा असतात, एक पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक सांभाळते, दुसरी उरलेली दोन. एक वाट फुटली तरी गाडी थांबावी म्हणून ही तिरकी रचना. पण अशा वेळी पुढचे एकच चाक ब्रेक धरते. त्यामुळे अचानक ओढ सुरू झाली, पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली गेले आणि समोर ब्रेकचा लाल दिवा लागला, तर गाडी हळू करून कडेला घ्यावी आणि टोइंगवाल्याला बोलवावे. "बेळगावपर्यंत सावकाश नेतो" असे म्हणू नये. एबीएस असलेल्या गाडीतही हे खरेच आहे. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, पण ते चाक घसरू नये म्हणून आहे. गंजलेली पिन ते सोडवत नाही.

ओढणाऱ्या गाडीने वाटेत गाठलेच, तर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ब्रेक हळूहळू दाबावा, खालचा गिअर घेऊन वेग कमी करावा, पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर ठेवावे. तवंदी किंवा चोर्ल्याचा घाट अशा गाडीने उतरू नये.

मिस्त्रीकडे जाताना कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात: कुठल्या बाजूला ओढते, थंड गाडीत की गरम झाल्यावर, दाबल्याबरोबर की थोड्या वेळाने, पेडल मऊ की घट्ट, कुठले चाक जास्त तापते. "ब्रेक बघा जरा" एवढेच सांगितले, तर तो बघतो ते जरासेच.

राहता राहिले, उभ्या गाडीचे. नुसते इंजिन सुरू करून दहा मिनिटे जागेवर ठेवल्याने बॅटरीला थोडा आधार मिळत असेल, ब्रेकला काहीच मिळत नाही. पंधरा दिवसांतून एकदा मळेकरणी देवीच्या दर्शनाला का होईना, गाडी बाहेर काढून दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी आणि मोकळ्या रस्त्यावर चार-पाचदा व्यवस्थित ब्रेक लावावेत. डिस्कवरचा वरवरचा गंज तेवढ्याने निघून जातो, सुरुवातीला खरखर होते ती त्याचीच. परगावी महिनोन्महिने जायचे असेल, तर सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक सोडून ठेवावा, म्हणजे मागचे शूज ड्रमला चिकटत नाहीत. किल्लीच्या जुडग्याला 'हँडब्रेक सोडला आहे, ठोकळे काढा' अशी चिठ्ठी बांधावी, कारण गाडी काढणारा पुष्कळदा दुसराच कुणी असतो.